पत्र मस्तानीस की मस्तानीविषयी? : पेशवेकालीन पत्रव्यवहारातील कलावंत स्त्रीचे स्थान

सारांश

पहिले बाजीराव पेशवे यांनी मस्तानीस स्वहस्ताने लिहिलेले एखादे पत्र असावे, अशी समजूत आणि त्याहून अधिक अशी इच्छा मराठी समाजात दीर्घकाळ आहे. पेशवे दप्तरातील प्रकाशित कागदांत मात्र मस्तानीस लिहिलेले पत्र नाही. मस्तानीविषयी इतरांनी परस्परांना लिहिलेली पत्रे आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन प्रकारच्या पत्रांतील भेद, पेशवेकालीन पत्राची घडण, पत्रे टिकण्याची व नष्ट होण्याची कारणे आणि कलावंत स्त्रीच्या इतिहासासाठी उपयुक्त ठरणारी अन्य साधने यांचा विचार केला आहे. तुलनेसाठी ब्रिटिश नौसेनानी नेल्सन यांची एमा हॅमिल्टन हिला लिहिलेली पत्रे विचारात घेतली आहेत.

बीजशब्द : पेशवे दप्तर, मोडी लिपी, मायना, कलावंतीण, मस्तानी, चिमाजीअप्पा, खासगी पत्रव्यवहार.

१. प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत पत्रांना जेवढे महत्त्व आहे, तेवढे अन्य कोणत्याही साधनास नाही. बखरी उशिरा लिहिल्या गेल्या, त्यांत अतिशयोक्ती आली. पत्र मात्र घटना घडत असताना लिहिले गेले म्हणून ते विश्वसनीय, हा विचार वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांच्या प्रस्तावनांतून दृढ केला. पुढे १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आणि १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या ४५ खंडांनी या विचारास भरीव आधार दिला.

पत्राला एवढे प्रामाण्य लाभल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. ज्या व्यक्तीचे पत्र नाही, तिचा इतिहास नाही, असे आपण नकळत मानू लागलो. ज्या व्यक्तीविषयी समाजाला जिव्हाळा आहे पण पत्र उपलब्ध नाही, तिच्यासाठी पत्र कल्पिले जाऊ लागले. मस्तानी हे याचे ठळक उदाहरण होय. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये याच विषयावरील हिंदी चित्रपट देशभर पाहिला गेला. या दोन्ही कलाकृतींना कल्पनेचे स्वातंत्र्य होते आणि ते त्यांनी घेतले. परंतु कल्पित संवाद वाचकाच्या मनात पुढे पत्राचे रूप घेतात. पदवी वर्गातील विद्यार्थी जेव्हा ‘बाजीरावांनी मस्तानीस काय लिहिले?’ असा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या मनात तसे पत्र आहे हे गृहीतच असते. या प्रश्नाचे उत्तर ‘तसे पत्र नाही’ एवढे देऊन थांबणे योग्य नाही. ते का नाही, आणि जे आहे ते काय आहे, हे सांगणे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

२. अभ्यासाची दिशा व साधने

प्रस्तुत निबंधात पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

(१) पेशवेकालीन पत्रव्यवहारात मस्तानीचा उल्लेख कोणत्या प्रसंगी, कोणाच्या लेखणीतून व कोणत्या शब्दांत येतो?
(२) लष्करी नेत्याने कलावंत स्त्रीस लिहिलेले पत्र टिकण्यासाठी कोणती परिस्थिती आवश्यक असते?
(३) असे पत्र नसेल तर त्या स्त्रीचा इतिहास कोणत्या कागदांतून उभा करता येईल?

यासाठी पेशवे दप्तरातील निवडक कागद, विशेषतः बाजीराव व त्यांचे कुटुंब या विषयास वाहिलेला नववा खंड, सरदेसाई यांचे ‘मराठी रियासत’मधील विवेचन आणि पेशव्यांच्या रोजनिशीतील निवडक नोंदी ही साधने आधारभूत मानली आहेत. ऐतिहासिक पत्रांतील मजकूर अवतरणांत न देता त्याचा आशय दिला आहे.

३. पार्श्वभूमी

महंमदखान बंगश याने बुंदेलखंडावर केलेल्या आक्रमणामुळे वृद्ध छत्रसाल संकटात सापडले. १७२९ च्या प्रारंभी बाजीराव त्यांच्या साहाय्यास धावून गेले व बंगशाला जैतपूर येथे कोंडण्यात आले. या उपकाराची जाण ठेवून छत्रसाल यांनी बाजीरावांना पुत्रवत मानले व आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा देण्याचे ठरविले. मस्तानीचा बाजीरावांच्या जीवनातील प्रवेश सामान्यतः या घटनेशी जोडला जातो. ती छत्रसाल यांची मुस्लिम उपस्त्रीपासून झालेली कन्या होती, अशी परंपरा आहे. ती गुजरातेतून किंवा निजामाकडून आली, अशाही कथा आहेत. फारसी तवारिखीत तिचा उल्लेख ‘कंचनी’ म्हणजे नर्तकी असा येतो आणि घोडेस्वारी, तलवार व भाला चालविण्यात ती निपुण असल्याचे सांगितले जाते.

सरदेसाई यांच्या मते विश्वसनीय मराठी कागदांत तिचे नाव प्रथम येते ते जानेवारी १७३० मधील, नानासाहेबांच्या लग्नाच्या प्रसंगी. त्याच महिन्यात शनिवारवाड्याच्या बांधकामास प्रारंभ झाला होता. १७३४ मध्ये मस्तानीस पुत्र झाला. तोच पुढे समशेर बहाद्दर या नावाने प्रसिद्धीस आला. शनिवारवाड्यात तिच्यासाठी स्वतंत्र महाल बांधण्यात आला आणि वाड्याच्या एका दरवाजास तिचे नाव मिळाले. याच दरवाजास पुढे तिच्या नातवाच्या नावावरून अलीबहाद्दर दरवाजा असेही म्हटले जाऊ लागले. पुणे जिल्ह्यातील पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिच्याकडे होती.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. कलावंतीण पदरी असणे ही त्या काळातील सरदारांच्या घरांत असामान्य गोष्ट नव्हती. कलावंतीण, नाटकशाळा, कुणबीण हे शब्द कागदोपत्री सर्रास येतात आणि प्रत्येक शब्दाने त्या स्त्रीचे घरातील स्थान ठरलेले असते. गायन-नर्तन करणारी स्त्री घरात असण्यास कोणाचा विरोध नव्हता. तिने ठरलेली जागा ओलांडण्यास विरोध होता. मस्तानीस वाड्यात महाल मिळाला, तिच्या पुत्राचे संगोपन पेशव्यांच्या घरात होऊ लागले आणि ती बाजीरावांसमवेत स्वारीवर जाऊ लागली. वादाचे मूळ येथे आहे.

४. १७३९-४० मधील पत्रे

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. उत्तर कोकणातील ही मोहीम १७३७ पासून चालू होती. तिच्या संदर्भातील शेकडो पत्रे उपलब्ध आहेत. मोर्चे, सुरुंग, दाणागोटा, दारूगोळा यांचा तपशील त्यांत आहे. वसईच्या विजयानंतर काही महिन्यांतच पेशव्यांच्या घरातील कलह विकोपास गेला, आणि ज्या लेखण्यांनी वसईचे वर्तमान लिहिले, त्याच लेखण्यांनी आता मस्तानीच्या बंदोबस्ताविषयी लिहावयास प्रारंभ केला.

घटनाक्रम थोडक्यात असा. १७३९ च्या अखेरीस बाजीराव पुण्याबाहेर पडले. मस्तानी त्यांना भेटण्यासाठी पाटस येथे गेली. तिला परत पाठविण्यात आले आणि जानेवारी १७४० मध्ये नानासाहेबांनी तिला पर्वतीच्या बागेत नजरकैदेत ठेवले. फेब्रुवारी १७४० मध्ये पुण्यात रघुनाथरावांची मुंज व सदाशिवरावांचे लग्न झाले; या दोन्ही कार्यांस घराचे कर्ते बाजीराव उपस्थित नव्हते. ते नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेत होते. या मोहिमेचा शेवट मुंगी-शेवगावच्या तहाने झाला. तेथून ते उत्तरेकडे गेले आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर लवकरच मस्तानीचाही अंत झाला. पाबळ येथे तिची कबर आहे.

या चार-पाच महिन्यांतील पत्रांपैकी दोन पत्रे विशेष विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले पत्र शाहू महाराजांचे चिटणीस गोविंदराव यांनी जानेवारी १७४० मध्ये नानासाहेबांना लिहिलेले. मस्तानीस बाजीरावांपासून वेगळे ठेवावे, तिच्यावर चौकी बसवावी आणि त्यामुळे बाजीराव नाराज झाले तरी चालेल, असा महाराजांचा विचार नाही. बाजीरावांचे समाधान राखावे, असा त्याचा आशय आहे. छत्रपतींची ही भूमिका व्यवहारी होती आणि उदारही होती. राज्याचा मुख्य सेनानी मनाने खचू नये, ही तीमागील चिंता होती. परंतु या पत्राची भाषा पाहता दुसरीच बाब नजरेत भरते. त्यात मस्तानीचा निर्देश ‘वस्तू’ या शब्दाने झाला आहे. ज्याची वस्तू त्यास द्यावी, अशी ती मांडणी आहे. तिच्या बाजूने लिहिलेल्या या पत्रातदेखील ती व्यक्ती म्हणून येत नाही; देण्याघेण्याचा विषय म्हणून येते. तत्कालीन भाषेत ‘वस्तू’ या शब्दास आजच्याइतकी जड अर्थच्छटा नव्हती, असा युक्तिवाद करता येईल. तो मान्य केला तरी नाव टाळण्याची वृत्ती लपत नाही.

दुसरे पत्र चिमाजीअप्पांनी मार्च १७४० मध्ये नानासाहेबांना लिहिलेले. भेटीनंतर रावांचे पत्र आलेले नाही. त्यांचे मन शांत करण्याचा आपण यत्न केला, परंतु ईश्वराची इच्छा निराळी दिसते. पुण्यास परतल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावे, असा त्याचा भावार्थ आहे. हे पत्र लिहिणारे चिमाजीअप्पा मस्तानीच्या बंदोबस्तास अनुकूल होते. तरीही बंधूची अवस्था पाहून त्यांचा निश्चय डळमळला. कुटुंबाची प्रतिष्ठा आणि बंधुप्रेम यांच्या ओढाताणीत सापडलेल्या एका कर्तबगार पुरुषाचे मन या पत्रात दिसते. पुढे वेळच उरला नाही. स्वतः चिमाजीअप्पाही त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवर्तले.

या दोन्ही पत्रांत लिहिणारा पुरुष, वाचणारा पुरुष आणि निर्णय घेणाराही पुरुष आहे. मस्तानी त्यांचा विषय आहे. ती कोठे ठेवावी, कोणास द्यावी, केव्हा पाठवावी, एवढेच प्रश्न त्यांत आहेत. तिला काय वाटते, हा प्रश्न कोणत्याही पत्रात उपस्थित होत नाही.

५. पेशवेकालीन पत्राची घडण

बाजीरावांनी मस्तानीस पत्र लिहिले असते तर ते कसे असते? हा प्रश्न काल्पनिक वाटला तरी संशोधनपद्धतीच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे. कारण अशा पत्राचा दावा पुढे आल्यास त्याची पारख या निकषांवरच करावी लागेल.

पेशवेकालीन पत्र हाताने बनविलेल्या कागदावर, बोरूने, मोडी लिपीत लिहिले जाई. प्रथम आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकविली जात. शब्दांत अंतर सोडण्याचा प्रघात नव्हता व ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोरपणे पाळला जात नसे. कालगणना बहुधा मुसलमानी महिन्याच्या चंद्राने व सुहूर सनाने दिली जाई. प्रारंभी मायना, त्यानंतर आपले कुशल कळवून समोरच्याचे कुशल विचारणे, मग मूळ मजकूर आणि शेवटी ठराविक समाप्तिवाचक शब्द, असा क्रम असे. मजकूर कारकून लिहीत. पत्रावर ज्याचे नाव असे, त्याचे स्वतःचे अक्षर त्यात असेलच असे नाही. अत्यंत गुप्त किंवा जिव्हाळ्याच्या प्रसंगी मूळ लेखक स्वतः लिही अथवा शेवटी दोन ओळी आपल्या हाताने जोडी. त्यास ‘दस्तुरखुद्द’ म्हणत. म्हणून ‘बाजीरावांचे पत्र’ आणि ‘बाजीरावांच्या हस्ताक्षरातील पत्र’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांना हा भेद प्रारंभीच समजावून देणे आवश्यक आहे.

मायना हा या घडणीतील सर्वांत बोलका भाग होय. मायन्यावरून लिहिणारा व वाचणारा यांचे परस्परनाते, वय, जात, अधिकार व वैवाहिक स्थिती कळते. वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’, लहानांसाठी ‘चिरंजीव’, सौभाग्यवती स्त्रीसाठी ‘वज्रचूडेमंडित’, विधवेसाठी ‘गंगाभागीरथी’, अशी ही व्यवस्था होती. स्त्रीचा मायना तिच्या पतीच्या असण्यानसण्यावरून ठरे. ज्या स्त्रीचा संबंध विवाह म्हणून घराने मान्य केला नाही आणि जिला केवळ पदरची कलावंतीण मानणेही शक्य राहिले नाही, तिच्यासाठी या व्यवस्थेत तयार मायना नव्हता. मस्तानीस पत्र लिहिण्यासाठी लेखणी उचलणाऱ्यापुढे पहिल्याच ओळीत ही अडचण उभी राहिली असती. ती अडचण कारकुनाच्या बुद्धीची नव्हे, समाजरचनेची होती.

यावरून बनावट पत्र ओळखण्याचा एक साधा निकषही हाती येतो. मायना नसलेले, देवनागरीच्या आजच्या शुद्धलेखनाशी जुळणारे आणि आधुनिक कादंबरीतील प्रेयसीस साजेशा संबोधनाने सुरू होणारे ‘पत्र’ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असू शकत नाही. भावना त्या काळातही होत्याच. परंतु त्या व्यक्त करण्याची भाषा आजची नव्हती.

६. पत्रे टिकतात कशी? : दोन तुलना

बाजीराव आपले मन पत्रात उघड करीतच नसत, असे मानणे चुकीचे ठरेल. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांना त्यांनी पाठविलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. कर्जाच्या ओझ्याने आपण कसे गांजलो आहोत, सावकारांच्या पाया पडून कसे थकलो आहोत, हे उत्तर हिंदुस्थान हलवून सोडणाऱ्या या सेनानीने स्वामींना अतिशय कळवळून लिहिले आहे. म्हणजे मोकळेपणाने लिहिलेले पत्र होते, आणि ते टिकलेही. ते टिकण्याचे कारण पत्र ज्यांना आले त्यांच्या स्थानात आहे. स्वामींचा मठ होता, इनामे होती, हिशेब राखणारी माणसे होती आणि त्यांच्या पश्चातही ती संस्था चालू राहिली. द. ब. पारसनीस यांना हा पत्रव्यवहार प्रसिद्ध करता आला, कारण कोणीतरी तो दीडशेहून अधिक वर्षे जपला होता.

मस्तानीच्या बाजूने असे कोण होते? तिला नजरकैदेत ठेवणारे लोक हेच वाड्यातील दप्तराचे मालक होते. तिचा पुत्र त्या वेळी सहा वर्षांचा होता व तो पेशव्यांच्याच घरात वाढला. १७६१ मध्ये पानिपतच्या रणात तो जखमी झाला आणि त्यानंतर सुरजमल जाटाच्या मुलखात त्याचा अंत झाला. त्याचा पुत्र अलीबहाद्दर याने बुंदेलखंडात आपले आसन स्थिर केले व बांद्याच्या नबाबांचे घराणे उदयास आले. याच घराण्यातील दुसऱ्या अलीबहाद्दराने १८५७ च्या उठावात भाग घेतला. मध्यंतरी १७६३ मध्ये निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. १८२८ मध्ये शनिवारवाड्यास मोठी आग लागली. एका स्त्रीचे खासगी कागद जपण्यासाठी जी स्थिर जागा व जी आपुलकी लागते, ती या इतिहासात कोठेच दिसत नाही.

दुसरी तुलना इंग्लंडची. ब्रिटिश नौसेनानी होरेशिओ नेल्सन आणि एमा हॅमिल्टन यांची कथा बाजीरावांनंतर सुमारे साठ वर्षांनी घडली. एमा ही गरीब घरातील मुलगी. नेपल्स येथे ती शालींच्या साहाय्याने प्राचीन शिल्पांतील व चित्रांतील स्त्रियांच्या मुद्रा एकामागून एक साकार करी. तिच्या या प्रयोगांची कीर्ती युरोपभर झाली. जर्मन कवी गटे याने १७८७ मध्ये ते पाहून त्यांची प्रशंसा केली. ब्रिटिश वकील विल्यम हॅमिल्टन यांच्याशी १७९१ मध्ये तिचा विवाह झाला. १७९८ च्या नाईलच्या लढाईनंतर नेल्सन नेपल्सला आले आणि दोघांचे संबंध जुळले. उजवा हात आदल्या वर्षीच गमावल्यामुळे नेल्सन यांनी तिला लिहिलेली पत्रे डाव्या हाताची आहेत. १९ ऑक्टोबर १८०५ रोजी, ट्रॅफल्गारच्या लढाईच्या दोन दिवस आधी त्यांनी तिला लिहावयास घेतलेले पत्र अपुरेच राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर ते त्यांच्या मेजावर मिळाले व एमाकडे पोचविण्यात आले. तिने त्यावर आपल्या हाताने दुःखोद्गार लिहिले. हे पत्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

लष्करी नेत्याने कलावंत स्त्रीस स्वहस्ते लिहिलेल्या पत्राचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. परंतु हा संग्रह टिकला तो कोणत्या मार्गाने, हे पाहण्यासारखे आहे. एमाने नेल्सन यांची पत्रे जपली. नेल्सन यांनी मात्र बदनामीच्या भयाने तिची बहुतेक पत्रे जाळली. त्यामुळे तेथेही संवादाची एकच बाजू प्रामुख्याने शिल्लक आहे, आणि ती पुरुषाची आहे. एमा कर्जबाजारी झाली असताना १८१४ मध्ये त्या पत्रांचे दोन खंड छापले गेले आणि तिची अधिकच नाचक्की झाली. नेल्सन यांनी लढाईच्या दिवशी मृत्युपत्रास पुरवणी जोडून एमाचा भार राष्ट्रावर सोपविला होता. राष्ट्राने त्यांच्या बंधूस उमरावपद दिले. एमास काही दिले नाही. जानेवारी १८१५ मध्ये फ्रान्समधील कॅले येथे ती विपन्नावस्थेत निधन पावली.

या तुलनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पत्र टिकणे हे प्रेमाच्या उत्कटतेवर अवलंबून नसते. ते ज्याच्या हाती आले त्याच्या स्वातंत्र्यावर, घरावर आणि त्या कागदास बाजारात असलेल्या किमतीवर अवलंबून असते. एमाजवळ स्वतःचे घर होते व नेल्सन यांच्या अक्षरास किंमत होती. मस्तानीजवळ बंदोबस्तातील बाग होती. दुसरे असे की, पत्र टिकले म्हणून स्त्रीला न्याय मिळतोच असे नाही.

७. पत्राबाहेरची साधने

मग कलावंत स्त्रीचा इतिहास लिहावयाचा कसा? उत्तर असे की, पत्रांच्या शोधात आपण ज्या कागदांकडे दुर्लक्ष करतो, ते प्रथम हाती घ्यावे लागतील.

पहिले साधन हिशेबाचे. रोजकीर्दी व खर्चाच्या यादी यांत उत्सव, लग्ने, मुंजी यांच्या प्रसंगी गाणारणी, नाचणारणी, सारंगिये, पखवाजी यांना दिलेली बिदागी व वस्त्रे नोंदलेली असतात. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या व विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या पेशव्यांच्या रोजनिशीत अशा नोंदी विखुरलेल्या आहेत. पत्रात जिचे नाव टाळले जाते, तिचे नाव हिशेबात लिहावेच लागते, कारण तेथे पैशाचा जाब द्यावयाचा असतो. रागलोभ हिशेबात उतरत नाहीत. म्हणूनच तो कागद अधिक बोलतो.

दुसरे साधन जमिनीचे. इनामपत्रे, गावांची नेमणूक आणि वारसांचे तंटे यांतून स्त्रीची आर्थिक स्थिती कळते. मस्तानीकडे तीन गावे होती, या एका बाबीवरून तिचे स्थान साध्या पदरच्या कलावंतिणीहून निराळे होते, हे जितके निश्चित होते, तितके कोणत्याही दंतकथेने होत नाही.

तिसरे साधन वास्तूचे. शनिवारवाड्यातील महाल व दरवाजा, पाबळची कबर, तसेच कोथरूडच्या वाड्यातून आणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेला मस्तानी महाल यांचा विचार कागदांच्या जोडीने व्हावयास हवा. द. ग. गोडसे यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मस्तानी’ या ग्रंथात दंतकथा बाजूस सारून साधनांकडे जाण्याचा जो आग्रह धरला, तो आजही मार्गदर्शक आहे.

८. पनवेल परिसर व महाविद्यालयीन संशोधन

वरील विवेचन पुण्याच्या दप्तरापुरते मर्यादित नाही. पनवेल हे खाडीवरील बंदर आणि बोरघाटातून देशावर जाणाऱ्या वाटेवरील पेठ. मुंबई-पुणे लोहमार्ग बोरघाट ओलांडून जाईपर्यंत मुंबईहून पुण्यास जाणारा माल, प्रवासी व टपाल यांचा मोठा भाग तरीने पनवेलीस उतरून घाटाची वाट धरीत असे. शेजारचा कर्नाळा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला व त्यांचा अंमल बसला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर इनामदारांना आपले हक्क कागदांनिशी सिद्ध करावे लागले. त्यामुळे अनेक घराण्यांनी मोडी कागद जपून ठेवले. ते जपण्यामागील हेतू इतिहासाचा नव्हता, जमिनीचा होता. पण लाभ इतिहासाला झाला.

अशा घरगुती रुमालांत थोरामोठ्यांचे पत्र सापडावे, अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. ते न सापडल्यास उरलेले कागद निरुपयोगी ठरवून रद्दीत टाकले जातात. प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी हानी होय. देवस्थानाच्या उत्सवाचा खर्च, वाजंत्र्यांची बलुती, देवळात सेवा करणाऱ्या स्त्रियांना नेमून दिलेले धान्य यांची यादी वरकरणी नीरस वाटते. परंतु कोकणातील कलावंत वर्गाचा इतिहास तिच्यातच दडलेला असतो. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी एकत्र येऊन मोडी वाचनाचे अल्पमुदतीचे वर्ग चालविले, परिसरातील कागदांच्या छायाप्रती घेतल्या आणि त्यांची विषयवार सूची केली, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घराजवळच मूळ साधने उपलब्ध होतील. मूळ कागद मालकाकडेच राहू द्यावेत व सूची मात्र सर्वांसाठी खुली असावी, ही पद्धत व्यवहार्य ठरेल.

९. निष्कर्ष

(१) पेशवे दप्तरातील प्रकाशित कागदांत मस्तानी आढळते ती पत्राचा विषय म्हणून. पत्राची धनी म्हणून नव्हे. १७३९-४० मधील पत्रांतून पेशवे कुटुंबातील पुरुषांची मने कळतात, मस्तानीचे मन कळत नाही. ती पत्रे वाचताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

(२) तिच्या बाजूने लिहिणाऱ्यांच्या भाषेतही तिचे नाव टाळले जाते. मायन्याच्या व्यवस्थेत तिच्यासारख्या स्त्रीस जागा नसणे हे या टाळण्याचेच दुसरे रूप होय.

(३) ब्रह्मेंद्रस्वामींना आलेली पत्रे टिकली, एमा हॅमिल्टनला आलेली टिकली. दोहोंचे कारण ती जपणाऱ्याला असलेले स्थान व स्वातंत्र्य हे आहे. म्हणून पत्र नाही यावरून स्नेह नव्हता, असे अनुमान काढता येत नाही. उलट, स्नेह होता म्हणून पत्र असलेच पाहिजे, असेही म्हणता येत नाही.

(४) बाजीरावांच्या हस्ताक्षरातील मस्तानीस लिहिलेले पत्र म्हणून एखादा कागद पुढे आल्यास कागद, शाई, लिपी, कालनिर्देश, मायना आणि तो आजवर कोणाकडे होता याची साखळी, या सर्व कसोट्यांवर त्याची परीक्षा झाल्यावाचून तो वर्गात अथवा लेखनात वापरू नये.

(५) कलावंत स्त्रियांच्या इतिहासासाठी हिशेब, इनाम व वास्तू ही साधने पत्रांपेक्षा अधिक फलदायी ठरण्याची शक्यता आहे. त्यांचा शोध पुण्याच्या दप्तराइतकाच पनवेलसारख्या गावांतील जुन्या घरांत घ्यावा लागेल.

मस्तानीस न मिळालेले पत्र आपण तिच्या नावे लिहून तिला न्याय मिळत नाही. ज्या कागदांत तिचे नाव, तिची गावे व तिचा महाल यांची नोंद आहे, ते वाचणे व जपणे एवढे मात्र आपल्या हाती आहे.